पाकिटाची पाठ

रायपूरच्या तात्यापाऱ्यात, आमच्या घरी, महिन्याचा किराणा आला की पिशव्या रिकाम्या करायचं काम आईचं. चष्मा देवघरात कुठेतरी राहिलेला असतो, आणि बारीक अक्षर तिला आता चष्म्यानेही धड लागत नाही. तरी ती प्रत्येक पाकीट डोळ्यांसमोर एकदा फिरवते, कुठल्याशा कोपऱ्यावर नजर टेकवते आणि मगच ते फळीकडे सरकवते. तिला हवा असतो हिरवा ठिपका. तो दिसला की पुढचं सगळं माफ.

परवा मी पट्टी घेऊन तो ठिपका मोजला. लहान पाकिटावर जेमतेम तीन मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. नियमात त्याची मापं ठरलेली आहेत: पाकिटाचा दर्शनी भाग शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर व्यास निदान तीन मिलिमीटर, पाचशेपर्यंत चार, अडीच हजारांपर्यंत सहा, त्यापुढे आठ. एवढ्याशा ठिपक्याला भाषा लागत नाही, शाळा लागत नाही, हिशेब लागत नाही. ज्या प्रश्नावरून आपल्याकडे पंगती वेगळ्या बसल्या, सोयरिकी मोडल्या, त्याचं उत्तर तो पापणी लवायच्या आत देऊन टाकतो. शाकाहारी पदार्थांवर हा ठिपका सक्तीचा करणारा नियम निघाला २००१ साली. म्हणजे जेमतेम पाव शतकात तो आईच्या पिढीच्या अंगवळणी पडला, कुणी वर्ग न घेता.

त्याचा जोडीदार, मांसाहाराचा तपकिरी ठिपका, मध्यंतरी बदलला हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. २०२० च्या लेबल-नियमांनी गोल काढून तिथे त्रिकोण आणला. कारण ऐकाल तर वाटेल, इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही! ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यांना दोन्ही गोल सारखेच दिसत. त्याच नियमांत आणखी एक खूण आहे, चौकोनातली काळी फुली. ती असते समईच्या तेलावर, दिव्याच्या तुपावर, पूजेसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर. अर्थ एवढाच की हे माणसाने खायचं नाही. देवाचं तेल आणि फोडणीचं तेल यांच्या बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी उभ्या असतात. फुलीमुळे त्यांची गल्लत होत नाही.

तर ठिपका पाहून निर्धास्त होणाऱ्या आमच्या आईला गेल्या वर्षी शुगर निघाली. त्यात नवल नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर नेऊन ठेवला आहे. आईने चहातली साखर एका दिवसात सोडली. मग एका संध्याकाळी चहात बिस्किट बुडवता बुडवता थांबली आणि म्हणाली, ‘‘काय रे, या बिस्किटात साखर किती?’’

मी पुडा उलटा केला. चेहऱ्यावर गव्हाची लोंबी, दुधाची धार, हसरं पोर. पाठीवर मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं आणि आकड्यांचा तक्ता. शंभर ग्रॅममध्ये साखर २६ ग्रॅम. शेजारच्या रकान्यात ‘एका वेळचं प्रमाण’, म्हणजे कंपनीच्या मते दोन बिस्किटं, वजन १३ ग्रॅम. आई दोन बिस्किटांवर कधीच थांबलेली नाही; ती पाच खाते. एक साडेसहा ग्रॅमचं, तर पाच साडेबत्तीस ग्रॅमची, त्यांतली साखर साधारण साडेआठ ग्रॅम. चहाच्या लहान चमच्यात साखर बसते चारेक ग्रॅम. उत्तर आलं दोन चमचे. चहा बिनसाखरेचा, आणि काढून ठेवलेले दोन चमचे बिस्किटातून कपात परत! मला पदवी आहे, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, तरी दोन-तीन मिनिटं गेली. आईला ठिपक्यासाठी क्षणही लागत नाही.

‘‘मग हे पुढे का नाही छापत?’’ तिने विचारलं.

हाच प्रश्न गेली काही वर्षं दिल्लीत अन्नसुरक्षा प्राधिकरणापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तिकडे जाऊच, पण आधी त्या पाठीकडे जरा निवांत बघायला हवं. मला ती तोवर कंटाळवाणी वाटत होती. एकदा वाचता यायला लागली तेव्हा कळलं की किराणा दुकानात दहा रुपयांना मिळणारं इतकं चमत्कारिक वाचन दुसरं नाही.

पहिला आकडा ऊर्जेचा, म्हणजे कॅलरीचा. मला वाटायचं, कुठल्यातरी प्रयोगशाळेत बिस्किट जाळून तो मोजत असतील. तसं नसतं. प्रथिनं, कर्बोदकं आणि चरबी किती ग्रॅम ते घ्यायचं, अनुक्रमे चार, चार आणि नऊने गुणायचं आणि बेरीज करायची. हातातल्या पाकिटावर करून पाहा, उत्तर छापील आकड्याच्या आसपास येतंच. हे चार-नऊ आले कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने न्हाणीघराएवढी एक बंद खोली बांधून घेतली आणि तिच्यात जिवंत माणसं दिवसचे दिवस ठेवली. त्यांनी काय खाल्लं, काय टाकलं, किती श्वास सोडला, अंगातून किती उष्णता बाहेर पडली, सगळं मोजलं. त्या खोलीतल्या हिशेबाचे आकडे आज गोलबाजारातल्या शेवेच्या पुड्यावर आहेत.

मग सोडियम. इथे बहुतेक जण फसतात, कारण आपल्याला मीठ कळतं, सोडियम कळत नाही. मिठात सोडियमच्या एका अणूमागे क्लोरिनचा एक, वजनं २३ आणि साडेपस्तीस. म्हणजे मिठाच्या वजनात सोडियम चाळीस टक्क्यांच्या आत. म्हणून सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ हाती लागतं. एखाद्या मिक्चरच्या पुड्यावर शंभर ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर ते सव्वादोन ग्रॅम मिठाइतकं झालं. पाहुणे आले, गप्पा रंगल्या आणि दोनशे ग्रॅमचा पुडा एकट्याने संपवला, तर साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. रात्रीचं वरण अळणीच खावं लागेल.

सोडियम खारटच लागतं असंही नाही. बिस्किटाच्या घटकांत ‘आयएनएस ५००’ असा आकडा दिसतो. वाचून वाटतं, काहीतरी भयंकर रसायन असावं. तो आपला खायचा सोडा. म्हणून गोड बिस्किटातही सोडियम निघतं. हे आयएनएस आकडे, म्हणजे अन्नात मिसळायच्या द्रव्यांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, ही एक गमतीदार गुप्तलिपी आहे. १०० म्हणजे हळदीचा पिवळा रंग, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० म्हणजे लिंबूफूल, ४४० म्हणजे पेरूची जेली ज्यामुळे धरते ते पेक्टिन. आकडा दिसला म्हणून दचकायचं कारण नाही, आणि आकडा नाही म्हणून निश्चिंत व्हायचंही नाही; साखरेला आकडा नसतो.

घटकांची यादी उतरत्या क्रमाने द्यावी लागते, जे वजनाने सर्वांत जास्त ते पहिलं. नियम सरळ, पण त्यात एक फट आहे. नुसती साखर घातली तर ती दुसऱ्या क्रमांकावर येऊन डोळ्यांत भरते. तीच साखर थोडी ‘साखर’, थोडी ‘लिक्विड ग्लुकोज’, थोडी ‘इन्व्हर्ट सिरप’ म्हणून घातली, तर तिघी खाली खाली सरकतात. नाटकात एकच नट वेगवेगळ्या दाढ्या लावून तीनदा यावा आणि आपण कलाकारांची संख्या मोजत बसावं, तसं. तक्त्यातला ‘ॲडेड शुगर’चा आकडा मात्र दाढ्या काढून सगळ्यांना एका रांगेत उभं करतो. त्यातूनही माल्टोडेक्स्ट्रिन सुटतं: ते तांत्रिक अर्थाने साखर नाही, पण पोटात गेल्यावर झटपट ग्लुकोज होतं.

टक्क्यांचा रकाना दोन हजार कॅलरीच्या आहारावर बेतलेला असतो: दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, ६७ ग्रॅम एकूण चरबी, त्यांत २२ ग्रॅम सॅच्युरेटेड, दोन हजार मिलिग्रॅम सोडियम. आता मे महिन्यात जयस्तंभ चौकात ऊन डोक्यावर घेऊन उभे असताना आंब्याच्या पेयाची सहाशे मिलिलिटरची बाटली घेतली, असं समजा. शंभर मिलिलिटरला १३ ग्रॅम साखर धरली तर बाटलीत ७८ ग्रॅम, एकोणीस-वीस चमचे. कुणी तुमच्यासमोर पेलाभर पन्ह्यात वीस चमचे साखर मोजून घातली तर तुम्ही त्याचा हात धराल. बाटलीचा हात धरायला कुणी नसतं. बाटलीवर टक्केवारी दिसते ती दोनशे मिलिलिटरची, जणू तिघं जण वाट्या घेऊन बसले आहेत.

म्हणजे पाठ खोटं बोलत नाही, पण फार हळू बोलते. चेहरा मात्र मोठ्याने बोलतो. तो चेहरा जाहिरातीचा मुलूख. तिथे गव्हाचं शेत असतं, ‘मल्टिग्रेन’ असतं, ‘शून्य ट्रान्स फॅट’ असतं, ज्याचा कायदेशीर अर्थ शंभर ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी असा आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की दुधात घालायच्या पावडरी आणि तत्सम पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा, कारण आपल्या अन्नकायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. आम्ही लहानपणी तीच पावडर परीक्षेच्या दिवसांत दुप्पट घालून प्यायलो!

पाठीवरचं चेहऱ्यावर आणायचे प्रयत्न जगात बरेच झाले. स्वीडनने १९८९ मध्येच बऱ्या पदार्थांवर हिरव्या किल्लीच्या भोकाचं चिन्ह आणलं. इंग्लंडने २०१३ मध्ये सिग्नलचे रंग घेतले: साखर शंभर ग्रॅमला साडेबावीसच्या वर की लाल, पाचच्या आत की हिरवा, मधे पिवळा. फ्रान्सने २०१७ मध्ये ए ते ई अशी प्रगतिपुस्तकातली श्रेणी दिली. पण मी अवाक झालो ते चिलीबद्दल वाचून.

दक्षिण अमेरिकेच्या त्या चिंचोळ्या देशाने २०१२ मध्ये कायदा केला आणि जून २०१६ पासून लागू केला. साखर, सोडियम, सॅच्युरेटेड चरबी, कॅलरी यांपैकी जे जे हद्दीबाहेर, त्या प्रत्येकासाठी पाकिटाच्या चेहऱ्यावर एक काळा अष्टकोन. आत दोन-तीन शब्द: ‘साखर जास्त’. तारे नाहीत, टक्के नाहीत. काही पाकिटांवर एक, काहींवर चक्क चार. हद्दी टप्प्याटप्प्याने आवळत २०१९ पर्यंत शंभर ग्रॅमला साखर १० ग्रॅम आणि सोडियम ४०० मिलिग्रॅम अशा केल्या. अष्टकोन असलेला पदार्थ शाळेत विकायचा नाही, पोरांना भुलवणारी चित्रंही त्याच्यावर नकोत. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा जगप्रसिद्ध वाघ तिथल्या खोक्यांवरून गेला. त्यानंतरच्या पहिल्या दीड वर्षाचा अभ्यास झाला तेव्हा, एरवी झाली असती त्या मानाने, अष्टकोनवाल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटलेली आढळली. आणि बऱ्याच कंपन्यांनी काळा डाग टाळण्यासाठी गुपचूप साखर आणि मीठच कमी केलं. लेबल वाचणाऱ्याचा फायदा झाला हे समजण्यासारखं, पण जो आयुष्यात लेबल वाचत नाही त्याचाही झाला.

गंमत बघा: शंभर ग्रॅमला १५ ग्रॅम साखर असलेलं एकच बिस्किट लंडनमध्ये पिवळं आणि सांतियागोमध्ये काळं. बिस्किट तेच, रेघ वेगळी. रेघ कुठे ओढायची हे विज्ञान थोडंफार सांगतं, उरलेलं सरकारची छाती ठरवते.

आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मसुदा काढला तो ताऱ्यांचा. अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. नाव ‘इंडियन न्यूट्रिशन रेटिंग’, आद्याक्षरं आयएनआर, नेमकी रुपयाचीच! तारे ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवरचे. त्यांची रीत अशी: साखर, मीठ, सॅच्युरेटेड चरबी, कॅलरी यांचे दोषगुण मोजायचे, आणि फळं, भाज्या, डाळी, सुकामेवा, तंतू, प्रथिनं यांचे चांगले गुण त्यांतून वजा करायचे. ऐकायला न्याय्य वाटतं. पण शाळेत गणितात नापास झालेल्या पोराला चित्रकलेचे गुण मिळवून सरासरीने वर ढकलावं, तसं होऊ शकतं. साखरेने ओथंबलेल्या बिस्किटात थोडे काजू आणि कोंडा घातला की एखादा तारा वाढला. आणि मुळात तारा आपल्याकडे शाबासकीचा. हॉटेलला तारे, मोबाइलला तारे. दोन तारे दिसले तरी मन म्हणतं, ‘बरं आहे की.’ माझं मत विचाराल तर सरासरी मधुमेह्याच्या काही कामाची नाही. त्याला विचारायचं असतं एकच, साखर किती.

मसुद्यावर १४ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने दुसरा एक प्रस्ताव मान्य केला: एकूण साखर, मीठ आणि सॅच्युरेटेड चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या टायपात छापायचे. पाकिटाच्या चेहऱ्यावर इशारा हवा म्हणून एका संस्थेने जनहित याचिका केली होती; ९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी नेमलेल्या समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं, आणि पुढे मुदत वाढवून दिली. तारा की इशारा, हा तंटा वरवर चित्रांचा दिसतो. माझ्या मते तो कुणी कुठला प्रश्न विचारायचा याचा आहे. ठिपका चालला, कारण तो एका प्रश्नाला एकच उत्तर देतो. ‘थोडंसं मटण आहे, पण पालकही भरपूर आहे, सबब साडेतीन तारे’ असं ठिपक्याने सांगितलं असतं, तर आईने पाकीट खिडकीतून बाहेर टाकलं असतं.

तोवर मी इंग्लंडच्या सिग्नलमधले तीन आकडे पाठ केलेत. शंभर ग्रॅमला साखर साडेबावीस, सॅच्युरेटेड चरबी पाच, सोडियम सहाशे मिलिग्रॅम (तिकडे दीड ग्रॅम मीठ म्हणतात, भागिले अडीच). यांच्या वर गेलं की माझ्यापुरता लाल दिवा. दोन पुडे शेजारी धरायचे तर ‘एका वेळचं प्रमाण’ हा रकाना झाकून फक्त शंभर ग्रॅमचा वाचायचा, नाहीतर एकाच्या दोन चकत्यांची दुसऱ्याच्या चार चकत्यांशी तुलना होते.

पण हे सगळं मोठ्या पुड्यांचं. कोपऱ्यावरच्या दुकानात माळेसारखी लटकलेली पाच-पाच रुपयांची पाकिटं असतात, शाळा सुटली की पोरं ज्यांच्यावर तुटून पडतात, त्यांचं काय? शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या पाकिटाला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यातून सूट आहे; तो तपशील बाहेरच्या मोठ्या पॅकिंगवर असला की झालं. ते पॅकिंग दुकानदार फाडून फेकतो. म्हणजे जो सगळ्यात लहान ग्राहक, त्याच्या हातातलं पाकीट सगळ्यात मुकं असू शकतं. एवढ्या जागेत तक्ता मावत नाही हे खरंच आहे. तीन मिलिमीटरचा ठिपका मात्र तिथेही मावतो. काळा अष्टकोनही मावेल.

आमच्या छत्तीसगडात आणखी एक लेबल आहे, जे छापलं जाऊनही दिसत नाही. रेशनच्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळू लागले. कोंडागाव हा त्या प्रयोगाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक. अशा धान्याच्या पॅकिंगवर निळं ‘+एफ’ असतं. लोह घातलेल्या अन्नावर थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार असलेल्यांसाठी सूचना छापायचा नियमही होता. पुढे तज्ज्ञांच्या शिफारशीनंतर ती काढायचं ठरलं. सूचना बरोबर होती की अनावश्यक, तो वाद डॉक्टरांचा. पण सिकलसेल घरोघरी माहीत असलेल्या या राज्यात ती छापली जायची पोत्यावर, आणि लोक तांदूळ नेतात आपल्या थैलीत, मापून. पोतं दुकानातच राहतं.

गेल्या संक्रांतीला एका हळदीकुंकवाहून आई वाण म्हणून बिस्किटांचा पुडा घेऊन आली. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळापासून तात्यापाऱ्यापर्यंत आमची जुनी मराठी घरं वाणात एकेकाळी पळ्या आणि वाट्या लुटायची. आईने पुडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, ‘‘पाठ वाच.’’ तिने हा शब्द उचलला आहे. वाचल्यावर पुडा कामवाल्या मावशींना द्यावा का, यावर ती थोडा वेळ अडून बसली, कारण जे आपल्याला नको ते दुसऱ्याला कसं द्यायचं. शेवटी तो मीच खाल्ला, पाच-पाच करून.

परवा तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिने नवीन आलेल्या ‘डायबेटिक फ्रेंडली’ नमकीनचा पुडा उचलला, ठिपका पाहिला, मग उलटा करून माझ्या हातात दिला. ‘‘अम्माजी, डेट तो एकदम ताजा है,’’ दुकानदार म्हणाला. मी तीन आकडे वाचले. साखर जवळपास नाही, सोडियम साडेनऊशे, सॅच्युरेटेड नऊ.

‘‘अडीचने गुणलंस का?’’ आईने विचारलं.

गुणून सांगितलं. तिने पुडा काउंटरवर परत ठेवला आणि मागच्या उघड्या पोत्याकडे बोट दाखवलं. पावशेर फुटाणे, साधे, खारे नकोत. दुकानदाराने कागदाचा पुडा वळून दिला. त्याच्यावर कुठेच ठिपका नव्हता, आणि तिने तो शोधलाही नाही.